पहार साडेचार फुटांची होती

प्लेनो, टेक्सस
९ मार्च १९८६

ती. आप्पांस,

सुमित्राचा नमस्कार. चौदा वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही, तुम्हीही मला लिहिलं नाहीत. त्यामुळे वर काय लिहावं आणि खाली काय लिहावं, यातच माझा अर्धा तास गेला. नरेंद्र म्हणाले, "अगं, सरळ लिही ना. लेटर आहे, स्पीच नाही." त्यांना काय जातंय बोलायला!

प्रतापचं पत्र परवा आलं. दसऱ्याला तुमच्या साठीचा सत्कार आहे, मंडप पडणार आहे, गौरव अंक निघणार आहे आणि त्याचं नाव 'एक हात, एक गाव' ठेवलं आहे. इथवर ठीक. पण पुढे तो लिहितो, "ताई, पहिला लेख तुझाच. आप्पांच्या हाताची हकीकत तुझ्याच तोंडून आली पाहिजे, लोक रडतील."

लोक रडतील म्हणे. आप्पा, त्याला कळत नाही का, की तो हात मी मोडला? तो तेव्हा सहा वर्षांचा होता आणि मावशीकडे होता. त्यानं गावातली गोष्ट ऐकली आहे. पाटलानं खंडेनवमीच्या दिवशी, ऐरणीची पूजा झालेली असताना, लोहाराला भट्टी पेटवायला लावली. सोळा वर्षांच्या पोरीच्या हातून घण भरकटला. बापाचा डावा हात मनगटापासून गेला, पण बाप लेकीला एका शब्दानं बोलला नाही.

एका शब्दानं बोलला नाहीत, हे अगदी खरं आहे. पुढे चौदा वर्षं एकही शब्द बोलला नाहीत. मला पुण्याला वसतिगृहात ठेवलंत, लग्न लावून दिलंत. एक्क्याऐंशी साली लहानग्या विनीताला घेऊन आले, तेव्हा तुम्ही नेमके दौऱ्यावर निघालात. मी मनाशी म्हटलं, बरोबरच आहे. ज्या पोरीनं आपला हात घालवला तिचं तोंड कोण बघेल?

म्हणून हा लेख मला जमणार नाही. प्रतापला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तो रुसेल.

सुमित्रा

*

प्लेनो
२७ एप्रिल १९८६

ती. आप्पांस नमस्कार.

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी टपालपेटी रोज दोनदा उघडते. आज मात्र एक गंमत सांगायची आहे, आणि ती समजेल असा माणूस जगात तुम्हीच एक आहात.

टेक्ससला यंदा दीडशे वर्षं झाली म्हणून इथली गावोगावची मंडळी आपापल्या गावाचं पुस्तक काढताहेत. आमच्या उत्तरेला बारा मैलांवर एक लहान गाव आहे. तिथल्या वाचनालयानं मला कामाला घेतलंय. म्हाताऱ्या माणसांकडे टेपरेकॉर्डर घेऊन जायचं, त्यांना बोलतं करायचं आणि ते टाइप करायचं. आमच्यातल्या बायका म्हणतात, "सुमित्रा, तुला कॉम्प्युटरचा कोर्स करून चांगला जॉब मिळाला असता यार, कुठे त्या शेतकऱ्यांत जातेस!" जाऊ देत.

माझ्या वाट्याला आलेत अलॉइस ब्रँडल. वय शहाऐंशी. जर्मनीच्या दक्षिणेला बव्हेरिया नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथल्या खेड्यातला लोहार! आप्पा, लोहार. बाप लोहार, आजा लोहार. तेवीस साली एक हातोडा आणि रविवारी घालायचा एक कोट घेऊन इथे उतरला. घोड्यांना नाल ठोकले, नांगराचे झिजलेले फाळ ठोकून धारेला आणले, कापसाच्या गिरणीची यंत्रं दुरुस्त केली. मंदीत लोक जमिनी टाकून निघून गेले तेव्हा यानं एकेक तुकडा घेतला, आणि पाहता पाहता गावातला मोठा जमीनदार झाला. मग काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखाच म्हणा, कमिशनर म्हणून निवडून आला आणि चोवीस वर्षं टिकला. प्रचार कसा करायचा ऐका. शेतावर जायचं, एक अक्षर न बोलता फाळाला धार लावून द्यायची, आणि निघताना दारात म्हणायचं, "मंगळवारी मतदान आहे." बस्स. मला तर तुम्हीच समोर बसलात असं वाटायला लागलं. आता त्याच्या कुरणाला लागून कुठल्याशा कंपनीचं काचेचं ऑफिस उभं राहिलंय आणि गायी कुंपणावरून पार्किंगकडे बघत रवंथ करतात.

त्याच्या उजव्या हाताची तर्जनी नाही. अठरा साली धाकट्या बहिणीच्या हातून घण चुकीचा पडला, असं तो सांगतो. सगळ्या गावाला ते पाठ आहे. मी त्यावर काही विचारलं नाही. कसं विचारणार?

पण गेल्या आठवड्यात तोंडातून निसटलं, की लहानपणी मीही घण मारायची. म्हातारा ताडकन उठला. मला मागच्या जुन्या शेडमध्ये नेलं, भट्टी पेटवली आणि घण हातात दिला. आप्पा, चौदा वर्षांनी! साडीचा पदर खोचला आणि मारला. तो लहान हातोडीनं दाखवत होता आणि मी तिथेच मारत होते, एकदाही इकडेतिकडे नाही. शेवटी त्यानं हातोडी ऐरणीवर आडवी टेकवली, तशी मी थांबले. तिकडेही थांबायची खूण हीच!

"मिसेस सू, कुठे शिकलीस?"

"घरी. आईकडून. ती गेल्यावर मीच मारायची."

"इतका सरळ घण पुरुषही सहसा मारत नाहीत," तो म्हणाला.

रात्रभर दंड ठणकत होते आणि मला हसू येत होतं. मग ठरवलं, लेख लिहायचा. तुमची जाहीर माफी मागायची. तेवढ्यानं तरी तुम्ही बोलाल.

तुमची सुमी

*

प्लेनो
४ मे १९८६

आप्पा,

काय लिहू? अक्षर बघा कसं आलंय. काल दुपारपासून मी जेवलेले नाही. विनीता सारखी विचारतेय, "आई, आर यू सिक? डिड समबडी डाय?" तिला काय सांगू?

जसं घडलं तसं लिहिते. काल ब्रँडलांकडे शेवटची टेप करायला गेले होते. लेख डोक्यात होता, म्हणून त्यांना तुमच्या हाताची हकीकत सांगितली. म्हटलं, तुमच्या बहिणीचं दुःख मला कळतं, माझ्याही हातून हेच झालं.

ते ऐकत राहिले. मग विचारलं, "काय घडवत होता तुझा बाप?"

मी म्हटलं, पहार. दुष्काळी कामावर दगड फोडायच्या पहारी. टोकं बोथट झाली होती, ती तापवून पुन्हा अणकुचीदार करायची होती.

"केवढी?"

मी हातानं दाखवलं. साडेचार फूट.

म्हाताऱ्यानं हात लांब करून टेप बंद केली. कोपऱ्यातली पहार उचलली, टोक ऐरणीवर ठेवलं आणि म्हणाले, "धर. तुझा बाप धरायचा तशी धर."

मी बसले. दुसऱ्या टोकाला डाव्या हातानं धरली. माझा हात आणि ऐरण यांच्यामध्ये निदान तीन फूट लोखंड होतं.

"आता सांग," ते म्हणाले, "त्याचा डावा हात ऐरणीवर कसा आला?"

आप्पा, लोहाराची पोर मी. ऐरणीपाशी रांगले, ऐरणीपाशी वाढले. तापलेल्या लोखंडाजवळ लोहाराचा हात कधी जात नाही, हे मला अ आ इ ई च्या आधी माहीत होतं. आणि चौदा वर्षांत एकदा, फक्त एकदाही माझ्या मनात आलं नाही की हात तिथं आला कसा! सगळे म्हणाले घण भरकटला, तुम्ही काही बोलला नाहीत, आणि मी मान्य करून टाकलं. घण भरकटून भरकटून किती भरकटेल? तीन फूट?

मी तिथेच राखेत बसले.

मग ते बोलले. अठरा सालच्या वसंतात त्यांना लढाईवर जायचं बोलावणं येणार होतं. गावातली अकरा पोरं आधीच गेली होती आणि त्यांतली सात मेली होती. बंदुकीचा घोडा ओढायचं बोट नसेल तर नेत नाहीत. पण स्वतःहून बोट तोडलं असं कळलं तर तुरुंग. तेव्हा घण मारणारे सगळे गडी फौजेत होते आणि चौदा वर्षांची बहीण रेझी घण मारत होती. एका सकाळी तिनं घण वर उचलला, आणि ब्रँडलांनी हातोडी बाजूला ठेवून बोट ऐरणीवर ठेवलं.

"पोलीस आला," ते म्हणाले. "रेझी त्याच्यापुढे धाय मोकलून रडली. माझी चूक, माझी चूक म्हणाली. असं रडणं बघितल्यावर कोण संशय घेणार? तिला खोटं बोलता येत नव्हतं. म्हणून मी तिला खरं सांगितलं नाही."

आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तूही रडली असशील."

रडले ना. चावडीपुढे रडले. तुम्हाला बैलगाडीत घालून नेलं आणि मी माझे हात लोकांना दाखवत रडत होते, की ह्या हातांनी केलं. सगळं गाव बघत होतं. त्याच संध्याकाळी लोक पाटलाच्या दारावर चालून गेले.

आप्पा, मला आत्ता आणखी एक आठवतंय. पाटलाचा माणूस सकाळी पहारी टाकून गेला तेव्हा मी दारात रांगोळी घालत होते. तो काय म्हणाला? "आज सण हाय, राजारामा. दसरा झाल्यावर दिल्या तरी चालतील." असंच म्हणाला. आणि तुम्ही म्हणालात, "नको, आजच करू." ऐरणीवरची झेंडूची माळ तुम्ही स्वतः काढून खुंटीला लावलीत.

पाटलानं जबरदस्ती केलीच नव्हती.

मी हे काय लिहितेय? हे मी माझ्या बापाला लिहितेय का?

सुमित्रा

*

प्लेनो
२५ मे १९८६

आप्पा,

मागचं पत्र मिळालं असेल. प्रतापचा फोन आला होता, गौरव अंकाच्या कागदाविषयी बोलत होता. म्हणजे तुम्ही त्याला काही सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही.

नरेंद्र म्हणतात, "सुमित्रा, तू ओव्हररिअ‍ॅक्ट करतेयस. चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मे बी त्यांचा हात घसरला असेल. लेट इट गो." मी त्यांना केरसुणी दिली, म्हटलं एक टोक धरा आणि घसरून दाखवा. स्वयंपाकघरात आम्ही दोघं उकिडवे बसलो होतो. त्यांनी तीनदा घसरून बघितलं. मग केरसुणी जागेवर ठेवून आले.

मी तुमच्या बाजूनंही विचार केला, नाही असं नाही. ग्रामपंचायतीला उभा राहतो म्हणालात तेव्हा पाटील भर चावडीत हसले होते, "लोहार सरपंच झाला तर भाता कोण मारील?" ते तुम्हाला किती लागलं होतं ते मी बघितलंय. आणि त्या गेलेल्या हातावर पाटलाला पाडून सरपंच झालात, तरी तुम्ही गावाचं वाईट केलं नाहीत. पाणी आणलंत, शाळा बांधलीत, सभापती झालात. आज तुमची वीस एकर बागायत आहे, ती लुबाडलेली नाही. सगळं कबूल. पण त्याची पायरी म्हणून तुम्ही मला वापरलंत, आणि मला कळूही दिलं नाहीत! याला काय म्हणायचं ते मला सुचत नाही. शिव्या येतात त्या बापाला देता येत नाहीत.

ब्रँडलांची बहीण अजून आहे, ब्याऐंशी वर्षांची. परवा त्यांनी तिला फोन लावायला सांगितला. नंबर मी फिरवला, कारण त्यांना आकडे दिसत नाहीत. ते त्यांच्या भाषेत हळूहळू बोलले. पलीकडून एकच वाक्य आलं आणि फोन बंद झाला. म्हातारा रिसीव्हर हातात धरून तसाच बसला. मी विचारलं, काय म्हणाल्या?

भावाचा हात चिघळला होता तेव्हा तिनं मेरीमातेपुढे नवस केला होता. तो वाचला तर मी लग्न करणार नाही, म्हणून. आणि तिनं तो पाळला. हे त्याला माहीत होतं, आयुष्यभर माहीत होतं. ती म्हणाली, "मग मी कुणासाठी एकटी राहिले?"

आप्पा, मी ब्याऐंशी वर्षांची होईपर्यंत थांबणार नाही. मला एकच गोष्ट हवी आहे. हात तुम्ही ठेवलात की नाही? हो किंवा नाही. एका ओळीचं पत्र चालेल.

सुमित्रा

*

प्लेनो
६ जुलै १९८६

आप्पा,

तुमचं पत्र काल आलं. तुमचं अक्षर इतक्या वर्षांनी पाहिलं, वळण तेच आहे. सहा ओळी. मला त्या आता तोंडपाठ झाल्यात, पण तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हालाही एकदा दिसू दे म्हणून इथे उतरवते.

"चि. सुमित्रास आशीर्वाद. पत्रं मिळाली. प्रतापला यातलं काही कळवू नये. त्याला पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं आहे. समारंभाला येण्याची दगदग करू नकोस. मी त्या दिवशी तुला हळू मार म्हणालो होतो. तब्येतीला जपावे."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा काही कळलंच नाही. मी भाजी चिरायला घेतली. अर्धी भेंडी चिरून झाली आणि मग डोक्यात प्रकाश पडला. सुरी खाली ठेवली.

हळू मार म्हणालो होतो.

म्हणाला होतात, आप्पा. आता मला ऐकू येतंय. मी घण उचलत होते आणि तुम्ही म्हणालात, "सुमे, हळू मार." मला वाटलं लोखंडाबद्दल म्हणताय. पण लोखंड पिवळंधमक तापलेलं होतं. तशा लोखंडावर हळू मारायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलं होतंत. म्हणून मी नेहमीसारखा मारला. म्हणजे तुम्हाला एखाद-दुसरं बोट घालवायचं होतं, पंजा नाही. बाकीचा हात गेला तो माझ्या जोरामुळे! चौदा वर्षं तुम्ही माझ्यावर खरोखरच चिडून होतात. खरं कळल्यापासून मला वाटत होतं, की तुम्ही लाजेनं माझ्याकडे बघत नसाल. लाज कसली! तुम्हाला राग होता. सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून राग.

मला संताप आला, असा की शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी ओरडले. विनीता धावत आली. "आई! व्हॉट हॅपन्ड?" मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, तुझ्या आजोबांचं पत्र आलंय. ती म्हणाली, "इज ही मॅड अ‍ॅट यू?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "डिड यू डू इट?" आठ वर्षांची पोर, किती सरळ विचारते! मी म्हटलं, नाही. मी नाही केलं.

ते शब्द मी पहिल्यांदाच बोलले.

प्रतापला सांगणार नाही. तुमच्यासाठी नव्हे. त्याला त्याचा बाप असू दे. समारंभालाही येत नाही, तुमची दगदग वाचली. पण लेख पाठवते आहे. त्याचा दोनदा फोन येऊन गेला, छपाई अडून राहिलीय म्हणे. त्याला मी सांगितलंय की लेख आप्पांकडेच पाठवते, ते वाचतील आणि तुला देतील. तेव्हा द्यायचा की नाही ते तुमच्या हातात आहे. लहानसाच आहे. त्यात तुमच्याविरुद्ध एक अक्षर नाही. गावातला कुणीही वाचील आणि पोरीनं बापाचं नाव काढलं म्हणेल.

लेख असा:

"मी राजाराम लोहारांची थोरली मुलगी. आई गेल्यावर घरच्या भट्टीवर घण मी मारत असे. घण कसा धरावा, कुठे मारावा, केव्हा थांबावं, हे सगळं मला आप्पांनी शिकवलं, आणि ते चांगलं शिकवलं. बाहत्तर सालच्या खंडेनवमीलाही घण माझ्याच हातात होता. त्या दिवशी आप्पांनी जिथे दाखवलं, तिथेच मी मारला. माझा घाव कधीही चुकला नाही."

सुमित्रा